रजा नामंजूर

नागपुरात माणूस उन्हानं थकतो, पंगतीतल्या आग्रहानं थकतो, व्हरायटी चौकात रस्ता ओलांडताना थकतो. कामानं थकलो, असं मात्र इथं कुणाला सांगायची सोय नाही. "काहून बे, असं काय करून राह्यला तू?" असा प्रश्न येतो. विचारणारा स्वतः सकाळी आठला तर्री-पोहे खायला आलेला असतो आणि अकरा वाजले तरी ठेल्यावरच असतो.

गावाची ही ख्याती आजची नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. यंत्रं आली, कापूस तर दारातच होता, पण माणसं रोजच्या रोज कामावर येईनात. गैरहजेरीनं व्यवस्थापन मेटाकुटीला आलं. दंड करण्याऐवजी टाटांनी उलट्या बाजूनं विचार केला. मिलमध्ये खेळती हवा आली, पुढे भविष्यनिर्वाह निधी आला, अपघाताची भरपाई आली. आज देशभरातले नोकरदार ज्या पीएफच्या जिवावर घरं बांधतात, त्याच्या पायात आमच्या पूर्वजांच्या दांड्या आहेत, असं माझं मत आहे. इतिहासकारांनी ते तपासून बघायला हरकत नाही. मिल २००२ साली बंद झाली. आता तिथं मॉल आहे, आणि मॉलमध्ये नागपूरकराची हजेरी चोख असते.

अशा परंपरेच्या गावात मी कामानं जळलो. बर्नआउट झालो. पूर्वजांच्या नावाला बट्टा लावला म्हणा ना.

सीताबर्डीवर, म्हणजे आमच्या बोलीत बर्डीवर, मोदी नंबर दोनच्या गल्लीत एक अंधारा जिना चढून गेलं की माझा गाळा लागतो. तिथं पूर्वी बाबांचं पेंटरचं दुकान होतं. ते ब्रशनं बोर्ड रंगवायचे. मी कॉम्प्युटर आणला, भिंतीला राखाडी रंग दिला आणि दुकानाचा स्टुडिओ केला. कार्डावर 'संस्थापक आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर' असं छापलं. प्यायचं पाणी भरणारा, उधारी वसूल करणारा आणि फ्लेक्सला भोकं पाडून दोऱ्या ओवणारा हे कार्डावर मावलं नाही. स्टाफ म्हणाल तर एक डीटीपी ऑपरेटर मुलगी. धंदा स्वतःचा असला की माणूस मोकळा असतो, हे वाक्य मला आजवर फक्त नोकरी करणाऱ्यांनी सांगितलं आहे.

या जळण्याची पहिली कल्पना एका फ्लेक्सनं दिली. एका नेत्याचा वाढदिवस. खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. रात्री दोनपर्यंत मी चेहरे कापत आणि चिकटवत होतो. सकाळी फ्लेक्स चौकात चढला. संध्याकाळी मी चहा प्यायला खाली उतरलो तेव्हा माझं लक्ष गेलं, की एक शुभेच्छुक तीन ठिकाणी आहे आणि नेता कुठंच नाही. दिवसभर तो फ्लेक्स बर्डीच्या छातीवर होता, हजारो लोक खालून गेले, कार्यकर्त्यांनी त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढले, आणि कुणाच्याही ध्यानात आलं नाही. ज्याचा फोटो तीनदा लागला होता, ते गृहस्थ मात्र दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फी घेऊन आले. पक्षात आपलं वजन वाढल्याचं त्यांना चौकातच कळलं होतं. ही गोष्ट मी ज्याला सांगितली तो पोट धरून हसला. मला एकदाही हसू आलं नाही. मी नुसता बर्फी खात होतो, आणि तीही खोडरबर चावल्यासारखी लागत होती.

मग थकव्याचं कारण शोधायला मी रात्री जागून वाचन केलं. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसा स्वतःचे रुग्ण पाहत आणि रात्री गोरगरिबांच्या मोफत दवाखान्यात राबत. तिथल्या सेवाभावी सहकाऱ्यांची आणि स्वतःची दशा बघून त्यांनी १९७४ साली या अवस्थेवर निबंध लिहिला. म्हणजे या विषयाचा पाया डबल शिफ्ट करणाऱ्या माणसानं घातला. मला तो लगेच आपल्यातला वाटला. पुढे क्रिस्टिना मास्लाक या बाईंनी तीन खुणा सांगितल्या, आणि १९८१ मध्ये त्या मोजायची प्रश्नावलीही आली. जीव पार दमणं, कामाचा आणि कामातल्या माणसांचा वीट येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटत राहणं. मी तिन्ही खुणांपुढे बरोबरचं चिन्ह केलं. शाळेत पैकीच्या पैकी कधी मिळाले नव्हते, ते इथं मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली खुलासा केला की बर्नआउट हा आजार नव्हे. कामावरचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की येणारी ती अवस्था आहे. आजार नाही म्हटल्यावर मेडिक्लेमची आशा संपली. पण कामातून येते म्हटल्यावर दुसरी आशा जागी झाली. मी सीएंना फोन लावला आणि हा थकवा धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येईल का, असं विचारलं. ते म्हणाले, "बिल आहे?"

आईला मात्र न्यूयॉर्कला जायची गरज पडली नाही. मे महिना होता. सूर्य रोहिणीत शिरला होता आणि नवतपा लागला होता. "ऊन लागलं तुले," तिनं निदान केलं. कैरीचं पन्हं झालं, काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले, आणि घराबाहेर पडताना शर्टाच्या खिशात कांदा आला. रामदासपेठेतल्या एका थंडगार केबिनमध्ये मी ब्रँडची ओळख या विषयावर बोलत असताना कांद्यानं स्वतःची ओळख करून द्यायला सुरुवात केली. समोरचे साहेब सभ्य होते. त्यांनी नुसता एसी वाढवला.

शेवटी मी सुट्टी घ्यायचं ठरवलं. सुट्टी मालकाकडे मागायची, आणि मालक मीच. या गृहस्थाला मी पुरता ओळखून असल्यामुळे तोंडी बोललो नाही. लेखी अर्ज केला, आणि मग दोघं समोरासमोर बसलो.

"चार दिवस विश्रांती हवी होती."

"लग्नसराई आहे. साक्षगंधाच्या पत्रिका कोण करणार?"

"मग जूनमध्ये?"

"कोचिंग क्लासवाले येतात. टॉपर पोरांचे फोटो लावायचे असतात."

"पोळ्याला?"

"मारबत झाली की लगेच गणपती बसतात."

"दसऱ्याला?"

"दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. स्वागताच्या कमानी काय आकाशातून पडतात?"

"दिवाळी झाल्यावर?"

"डिसेंबरात अधिवेशन. १९५३ चा नागपूर करार वाच जरा. अख्खं मंत्रिमंडळ इथं येतं, आणि एकेका मंत्र्याच्या स्वागताला पाच-पाच इच्छुक उभे असतात."

"मग जानेवारीत तरी?"

"मार्च एंडिंगची वसुली तुझा बाप करणार?"

"ते करत होते," मी म्हटलं. पण तोवर अर्जावर शेरा पडला होता. रजा नामंजूर.

दुसऱ्या कुणाकडे नोकरीला असतो तर असल्या मालकाला पहिल्याच महिन्यात रामराम ठोकला असता. युनियन काढावी, तर सभासद एकटा, आणि तोही मालकाच्या आतल्या गोटातला.

पळून जायचाही विचार केला. आमच्या बाजाराच्या डोक्यावर टेकडी आहे, तिला पळण्याची मोठी परंपरा आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी इथं नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रज जिंकले. आप्पासाहेब पुढे कैद झाले, आणि १८१८ मध्ये अलाहाबादकडे नेत असताना शिपायाचा वेष करून वाटेतच निसटले. महादेवाचे डोंगर पाहिले, असीरगड पाहिला, पंजाब पाहिला, आणि शेवटी जोधपूरला राहिले. १८४० मध्ये तिथंच गेले. नागपूरच्या कारभारातून कायमचा सुटलेला माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस. त्यालाही वेषांतर करावं लागलं. आता मे महिन्यात अर्धं नागपूर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं, म्हणजे वेषांतर आयतंच. मीही दुपट्टा गुंडाळला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि भरदुपारी गल्लीतून सटकलो. पानठेल्यावरून हाक आली, "भाऊ, आपलं बॅनर झालं का?" त्यानं चपलांवरून ओळखलं होतं.

त्या लढाईनंतर टेकडीवर किल्ला झाला. आज तो सैन्याच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच उघडतो. एरवी बंद. आणि इतका काळ बंद राहूनही त्याच्या नावाला कुठं धक्का लागलेला नाही. उलट उघडतो त्या दिवशी रांग लागते. त्याच्या पायथ्याशी मी बारा महिने शटर वर करून बसलो होतो, आणि लोक मला विचारत होते, "एवढं स्वस्तात कोनी करून देत नाही का दुसरीकडं?"

अशात सेवाग्रामला जाणं झालं. अर्थात कामानंच. एका संस्थेच्या बोर्डाचं माप घ्यायचं होतं. माप घेऊन झाल्यावर आश्रमात चक्कर मारली. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले. त्यांच्यावर कुणी मालक नव्हता आणि कामाचा ढीग देशाएवढा होता. तरी ते दर सोमवारी मौन पाळत. काही सांगायचं झालं तर कागदावर लिहून देत. मला एकदम मार्ग दिसला. दुकान बंद ठेवता येत नाही ना? मग तोंड बंद ठेवू. मालकालाही यात काही हरकत घेता येईना.

पहिल्या सोमवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. माझ्या तोंडात खर्रा आहे असं समजून ते मी कधी थुंकतो याची वाट पाहत शांतपणे बसून राहिलं. दुसरे कोचिंगवाले सर. मी बोलत नाही म्हणजे मला ऐकूही येत नसणार, असं धरून ते ओरडून आणि हातवारे करून बोलू लागले. खालच्या होजियरीवाल्या काकांना वाटलं भांडण लागलं, म्हणून ते मध्यस्थीला वर आले. तिसरे एक वयस्कर कवी. त्यांना संग्रहाचं मुखपृष्ठ करून हवं होतं. 'पुरे' म्हणू न शकणारा श्रोता आयुष्यात पहिल्यांदाच सापडल्यामुळे त्यांनी संग्रह अर्पणपत्रिकेपासून ब्लर्बपर्यंत म्हणून दाखवला. जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाले, "असा रसिक आता राहिला नाही."

दुपारपर्यंत मी हातानं चिठ्ठ्या लिहिल्या. पेंटरच्या पोराचं अक्षर असं पाहून मलाच लाज वाटली, म्हणून त्या टाइप केल्या. टाइप केल्यावर फॉन्ट पटेना. फॉन्ट बदलला तर ओळींमधलं अंतर खुपायला लागलं. चार वाजेपर्यंत 'हो', 'नाही', 'उद्या या', 'अॅडव्हान्स?', 'नेत्याचा फोटो आणलात का?' आणि 'उधारीचा विषय मौनातही नको' असा लॅमिनेट केलेला, गोल कोपऱ्यांचा, रिंगमध्ये ओवलेला संच तयार झाला. होजियरीवाल्या काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे लय कामाचं आहे. आम्हालेही एक बनवून दे, 'एकच भाव' असं मोठ्या अक्षरात." संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या निम्म्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. पुढच्या सोमवारी मौनाच्या चिठ्ठ्यांच्या लॅमिनेशनच्या भावावरून मी फोनवर इतका ओरडलो, की घसा बसला आणि तेवढ्यापुरतं खरं मौन घडलं.

आमच्या जातीच्या माणसाला विश्रांती दिली की तो आधी तिचा लेआउट करतो. अंबाझरीला सकाळी फिरायला गेलो, तर पावलांचं टार्गेट ठेवलं आणि चुकल्यावर स्वतःवर ओरडलो. मन मोकळं करायला डायरी आणली. तिच्या मुखपृष्ठाची अनेक डिझाइनं झाली, आत अजून तारीखही पडलेली नाही.

एक दिवस बाबांना सहज विचारलं, तुम्हाला कधी असं झालं होतं का? जन्मभर परांचीवर उभं राहून, हात वर करून रंग दिलेला माणूस. ते म्हणाले, "आम्हाले कुठं फुरसत होती थकायची." थोड्या वेळानं म्हणाले, "आन गुमास्तावाला येत होता ना."

हा गुमास्तावाला म्हणजे दुकान निरीक्षक. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं सक्तीचं केलं होतं. गुमास्ता परवान्यावर बंदचा वार लिहिलेला असे, आणि तो परवाना फ्रेम करून गणपतीशेजारी टांगलेला असे. त्या वारी शटर वीतभर वर दिसलं तरी दंड. त्यामुळे बाबा नाइलाजानं घरी बसत, नाइलाजानं दुपारी झोपत, आणि उठल्यावर नाइलाजानं आम्हाला महाराजबागेत वाघ दाखवायला नेत. आमच्या लहानपणी आम्हाला वडील मिळाले ते सरकारच्या धाकामुळे.

तो धाकही फुकट मिळाला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली. सह्या गोळा केल्या, सभा भरवल्या, अर्ज केले. सहा वर्षं हा माणूस मालकांच्या मागे लागला, तेव्हा कुठं १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात नवा कायदा आला. आता दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. कामगाराला मात्र आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागते, आणि हे बंधन ठरावीक संख्येएवढे कामगार असतील तिथंच. आमच्या गाळ्यात माणसं दोन, त्यातला एक मालक. म्हणजे माझ्या रविवारासाठी भांडायला ना गुमास्तावाला उरला, ना लोखंडे. मालक आणि कामगार एकाच खुर्चीत बसले की दर वेळी मालक जिंकतो, कारण कामगाराची बाजू मांडायची वेळ येते तेव्हा कामगार दमलेला असतो. इतके दिवस मी माझ्या स्वभावाला, मोबाइलला आणि नवतप्याला दोष देत होतो. गोम ही होती की माझ्यापुढे 'नाही' म्हणणारं बाहेरचं कुणी नव्हतं.

हे सगळं मी ऑपरेटरला रंगवून सांगितलं. विचार असा, की यातून एखादी छान कार्यशाळा उभी राहील, 'उद्योजक आणि विश्रांती' वगैरे, पोस्टर तर डोक्यात तयारच होतं. तिनं कीबोर्डवरून हात काढले आणि शांतपणे विचारलं, "दादा, तुम्ही रोज दुकान उघडता तं मीही रोज येतो. मले कोनत्या वारी सुट्टी आहे?"

हा मुद्दा माझ्या संशोधनात राहून गेला होता.

"कायदा आपल्याला लागू नाही, तेवढी माणसं..." मालकानं माझ्या तोंडून सुरुवात केली.

"कायद्याचं राहू द्या. चावी द्या इकडं."

शनिवारी रात्री तिनं शटर ओढलं, कुलूप घातलं, चावी पर्समध्ये टाकली आणि स्कूटीवर बसून निघून गेली. कॉम्प्युटरचा पासवर्ड तिनं दुपारीच बदलला होता. फायली घरून उघडायचा प्रयत्न केला तेव्हा ते कळलं. 'लोखंडे' असेल म्हणून तेही टाकून पाहिलं. नव्हतं. फोन केला तर ती म्हणाली, "सोमवारी सांगतो."

रविवारी सकाळी मी तरीही बर्डीवर गेलो. रस्ता गर्दीनं ओसंडत होता. आमच्या जिन्याखाली एक गिऱ्हाईक वर बघत उभं होतं.

"दुकान बंद काहून?"

"कामगारांनी सुट्टी घेतली," मी म्हटलं.

"आन मालक कुठं गेला?"

"मालकाचं काही चालत नाही हो आता."

त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "आजकाल सगळीकडं असंच आहे," म्हणाला, आणि सोमवारी येतो सांगून गेला. सोमवारी खरंच आला.

सुरुवातीचे रविवार वाईट गेले. घरात मी पंख्याची पाती पुसली, मसाल्याच्या डब्यांना एकाच फॉन्टमधली लेबलं लावली, आणि बायकोनं मला बाहेर काढलं. पण हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. माझ्यावाचून कुणाचं लग्न मोडलं नाही, एकाही मंत्र्याचं स्वागत अडलं नाही, आणि नेत्यांचे वाढदिवस ठरलेल्या तारखेलाच आले. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी कूलरच्या वाऱ्यात मी दुपारी झोपलो, तो थेट संध्याकाळच्या चहालाच उठलो. बाबा म्हणाले, "आता जमून राह्यलं तुले." पुढच्या आठवड्यात एका साक्षगंधाच्या फ्लेक्सवर नवरदेवाच्या जागी त्याचा मामा बसलेला मला छपाईआधी दिसला, आणि मी खो खो हसलो. ऑपरेटरनं कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला. विचारलं तर म्हणाली, "पुढं कामात येईल."

ते कामात आलं. काल तिनं ते कॅलेंडर माझ्यापुढे पुराव्यादाखल ठेवलं आणि शनिवारी अर्धा दिवस सुट्टीची लेखी मागणी केली. मालकांचं म्हणणं आहे की हे परवडणार नाही, डिसेंबरात अधिवेशन आहे. मी त्यांचं ऐकून घेतलं आणि कामगारांच्या बाजूनं सही केली.